शिक्क्यातली पेंडी

त्या साली गहू गुडघ्याला लागला आणि तिथंच थांबला. ऑगस्टात थांबला तो ऑक्टोबर निम्मा सरला तरी हलेना. मर्फीज टँकच्या चहूअंगांनी तो पिवळट, करडा उभा होता. वर जावं की खाली बसावं हे कुणीतरी येऊन सांगेल, अशी वाट बघत असल्यासारखा.

सिडनीपासून मोटारीनं सात तासांवरचं हे गाव. वेशीवरच्या जुन्या पाटीत वस्ती तीनशे चाळीस लिहिलेली, प्रत्यक्षात माणसं तीनशे अकरा. उरलेली एकोणतीस कुठं गेली असं विचारलं तर लोक निम्मी दफनभूमीकडं हात करत, निम्मी हायवेकडं. दीडशे वर्षांपूर्वी मर्फी नावाच्या इसमानं बैल जुंपून जमिनीत मोठा खड्डा काढला आणि पावसाचं पाणी धरलं. असल्या खड्ड्याला इकडं टँक म्हणतात. पद्माकरच्या घरी गावाला नुसतं 'टाकी' म्हणत. राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याच्या बायकोनं, चारुतानं, फोनवर विचारलं होतं, "काय रे, टाकीत भाजी काय मिळते?" आणि पद्माकर म्हणाला होता, "टाकीत काय मिळणार? तळ." यंदा तो तळसुद्धा भेगाळलेला दिसत होता.

पद्माकर मूळचा बार्शीचा. आयटीआय करून अकरा वर्षं चाकणच्या कारखान्यात वेल्डिंग-फॅब्रिकेशन केलं, मग व्हिसा. चारुता पुण्याची, आणि ती कुठली हे कुणाला तिला विचारावं लागत नसे. व्हिसाची अट अशी, की मोठ्या शहराबाहेर तीन वर्षं राहून काम केल्याचं दाखवायचं. ती जूनअखेर पुरी होणार होती. पहिलं गाव वर्षभरात सुटलं, कारण तिथलं वर्कशॉपच बंद पडलं. तेव्हा मुलीची, उर्वीची, शाळा मोडली, चारुताची नोकरी मोडली, आणि सोफ्याचा एक पायही मोडला. आता टाकीत उर्वीला बावीस पोरांच्या शाळेत मैत्रीण मिळाली होती आणि चारुता वृद्धाश्रमात कायम झाली होती. सोफा अजून तीन पाय आणि एका विटेवर उभा होता. तरी हलवाहलवीची खोकी चारुतानं फेकली नव्हती. चपटी करून पलंगाखाली सारली होती.

सोमवारी सकाळी सातला ग्लेननं पद्माकरला बोलावलं. ग्लेन म्हणजे वर्कशॉपचा मालक, घरच्या भाषेत ग्लेनशेठ. भला माणूस, पण वाईट बातमी देताना स्वतःच्या बुटांकडं बघायची त्याला खोड. आज तो बुटांकडं बघत होता.

"पॅडी," तो म्हणाला. पद्माकर हे नाव त्यानं पहिल्या दिवशी दोनदा म्हणून पाहिलं होतं आणि तिसऱ्यांदा पॅडी केलं होतं. "लोकांनी मशीन शेडबाहेर काढलंच नाही यंदा. चाललंच नाही ते मोडणार कसं? आणि मोडलंच नाही तर आपण जोडणार काय?"

पद्माकरनं हातातले मोजे बाकावर ठेवले.

"एक काम आहे. गावाला दीडशे वर्षं होतायत. वेशीवर पोलादी पाटी लावायचीय, त्यावर गावचा शिक्का. तालुक्याच्या शायर कौन्सिलला आवडली तर बाकीच्या पाच गावांच्या पाट्याही आपल्याकडं. मग जूनपर्यंत तुझी काळजी नाही." आता बुटांकडं जरा जास्तच वेळ बघून झालं. "नाहीतर ख्रिसमसनंतर मला नाही जमायचं, मेट."

शिक्का लॉरेन प्रिचर्डकडं होता. लॉरेन बहात्तर वर्षांची. गावचं पोस्ट, लायब्ररी आणि कुणाचं कुणाशी का बिनसलं याची माहिती, ही तिन्ही खाती ती एकटी सांभाळायची. तिनं कपाटातून निळ्या कापडाची पिशवी काढली आणि पिशवीतून ओतीव लोखंडाचं दांडीचं यंत्र. गावाला स्वतःची नगरपालिका होती तेव्हाचं. पन्नास वर्षांपूर्वी पालिका मोठ्या शायरमध्ये विलीन झाली, अधिकार गेले, कचऱ्याची गाडीसुद्धा गेली. शिक्का तेवढा राहिला. त्याला कायद्यानं दमडीची किंमत नव्हती आणि गावात तो सगळीकडं होता. क्रिकेटच्या टोप्यांवर, रॅफलच्या तिकिटांवर, बेकरीच्या कागदी पिशवीवर, आणि एकाच्या दंडावर गोंदलेला. मात्र वापरून वापरून सगळीकडं झिजून ठिपक्याएवढा झालेला. हॉलमधल्या रंगवलेल्या फळ्यावर मोठा होता, त्यातले मेंढ्याचे पाय सोडून बाकी सगळं वाळवीनं खाल्लं होतं.

लॉरेननं कागद घालून दांडी दाबली. दोन्ही हातांनी दाबली, तरी शेवटी पद्माकरला जोर लावावा लागला. पांढऱ्या कागदावर पांढरंच उमटलं.

"वर मेंढा. लोकरीचा," ती बोट फिरवत सांगू लागली. "त्याचं ढुंगण सिडनीकडं आहे. मुद्दाम. मधे पवनचक्की, पाण्याची. खाली शीफ. आणि पट्टीवर आमचं वाक्य: पाणी आणि काम."

मेंढ्या गावातून जाऊन वीस वर्षं झाली होती, पवनचक्कीच्या जागी सोलर पंप आला होता, आणि पाणी नि काम यांची यंदाची गोष्ट दोघांनाही ठाऊक होती. पद्माकरनं मान हलवली. एखाद्याच्या घरातल्या फोटोंकडं बघून हलवतात तशी.

घरी त्यानं कागदावर पेन्सिल आडवी घासली. मेंढा आला. पवनचक्की आली. खाली एक बांधलेला जुडगा आला, वर ठिपक्याठिपक्यांची डोकी.

"चारू, शीफ म्हणजे गं काय?"

चारुता युनिफॉर्मला इस्त्री करत होती. दिवसभर म्हाताऱ्यांना उचलून तिची कंबर धरलेली. वळून बघायचा तिला कंटाळा आला. "पेंडी," ती म्हणाली.

"पेंडी होय!" पद्माकर म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला.

आता बार्शीकडच्या माणसाला पेंडी म्हटल्यावर दुसरं काय दिसणार? ज्वारीची पेंडी, कणसांसकट. पद्माकरनं लहानपणी त्या हजारांनी बांधल्या होत्या. गव्हाची पेंडी कुणी बांधलेली त्यानं पाहिलीच नव्हती. गहू म्हणजे मशीन येतं, घेऊन जातं. त्यानं कागदावर पेन्सिल टेकवली आणि हात आपोआप चालला. भरगच्च, गोलसर, दाणेदार कणसं. सात.

"बाबा, दॅट्स सो कूल," उर्वी म्हणाली.

"मराठीत सांग."

"सो कूल आहे."

चित्राचा फोटो त्यानं लॉरेनला पाठवला. लॉरेनचा चष्मा पोस्टात राहिला होता. तिनं लिहिलं, ब्युटिफुल.

अकरा दिवस तो त्या पाटीपाशी होता. सहा मिलिमीटरच्या पत्र्यातून प्लाझ्माच्या झोतानं बाह्याकार कापला. मेंढ्याची लोकर वेल्डिंगच्या वेटोळ्यांनी केली. पवनचक्कीची पाती एकेक वाकवून बसवली. बाहेर छत्तीस डिग्री, शेडच्या पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि कातडी जाकिटात घामाची धार बनियनमधून विजारीत. पण खरा जीव त्यानं पेंडीत ओतला. प्रत्येक कणसाचा प्रत्येक दाणा म्हणजे वेल्डिंगचा एक ठिपका. टेकवायचा, फुलू द्यायचा, उचलायचा. एका कणसाला दोनशेच्या वर दाणे. चौथ्या कणसाला त्याला कळलं की आपण शीळ घालतोय. ग्लेनही दोनदा येऊन बघून गेला. त्याच्या आजोबांपासून घरी लोखंडाचंच काम. गहू त्याच्यासाठी पोत्यात आणि ब्रेडमध्ये. तो म्हणाला, "गॉर्जस, मेट."

गुरुवारी दुपारी समिती बघायला आली. लॉरेन, आणखी दोघं, आणि बॅरी हॅनन. बॅरी त्रेसष्ट वर्षांचा, गावातला सगळ्यात जुन्या घरातला शेतकरी. उन्हानं झालेला कॅन्सर कापून काढताना त्याच्या डाव्या कानाचा वरचा भाग गेला होता, त्यामुळं टोपी त्या बाजूला जरा खाली बसे.

सगळे वा वा करत होते. बॅरी पुढं झाला. त्यानं टोपी काढली, वाकला, एका कणसावरून अंगठा फिरवला.

"पॅडी, हे काय आहे?"

"शीफ."

"कशाची?"

पद्माकरनं तोंड उघडलं आणि कणसाकडं पाहिलं.

"ही सॉर्गम आहे, मेट," बॅरी म्हणाला. सॉर्गम, म्हणजे ज्वारी.

लॉरेननं चष्मा लावला. "ओ डिअर," ती म्हणाली.

समितीतला एकजण हसला. "बरं झालं, नावाप्रमाणं भात नाही काढला, पॅडी!" मग तिघं हसले. ग्लेननं बुटांकडं पाहिलं. बॅरीनं टोपी घातली.

"दीडशे वर्षं या गावानं गहू पिकवला," तो शांतपणे म्हणाला. "सॉर्गम पेरली ती मी एकट्यानं, एकदाच. ती आता वेशीवर टांगताय?" आणि तो जाऊन गाडीत बसला.

बाकीचं लॉरेननं सांगितलं, आवाज खाली करून. गेल्या उन्हाळ्यात चारा नाही म्हणून बॅरीनं साठ एकर सॉर्गम टाकली. ती पाण्यावाचून खुरटली. जानेवारीत, म्हणजे इकडच्या भर उन्हाळ्यात, एक वळीव पडला, हिरवे कोंब फुटले, आणि त्यानं गाई आत सोडल्या. सकाळी एकोणीस आडव्या पडलेल्या.

का, हे पद्माकरला सांगायची गरज नव्हती. खुरटलेली कोवळी ज्वारी गुराच्या पोटात विष होते, हे बार्शीकडचं शेंबडं पोरही सांगेल. आपण काय टांगायला निघालो होतो ते त्याला आता दिसलं.

"उद्घाटन पुढच्या शनिवारी," ग्लेन म्हणाला. "पुढच्या म्हणजे येत्या नाही, त्याच्या पुढच्या. तोवर गहू झाला तर झाला. नाहीतर लॉरेन म्हणते, शहरातून प्लॅस्टिकची छापून आणू."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

घरी चारुता म्हणाली, "मीच पेंडी म्हणाले."

"तू बरोबरच सांगितलंस. मी बार्शीत ऐकलं."

"अरे, पण तुला एकदासुद्धा वाटलं नाही? सगळीकडं गहू उभा आहे, रोज त्यातून जातोस."

"त्याला ओंब्या कुठायत बघायला?"

हे खरं होतं. मग ती आत गेली. पलंगाखालून पुठ्ठा ओढल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा आत सारल्याचा आला.

शुक्रवारी त्यानं ग्राइंडर लावला. दाणे उडवायला सुरुवात केली. ठिणग्यांचा पट्टा जाकिटावर आपटत होता आणि एकेक कणीस बोडकं होत होतं. चौदाशेच्या वर ठिपके, टाकायला पाच दिवस लागले होते. पुसायला दीड दिवस पुरला. ग्राइंडरच्या थरथरीनं संध्याकाळी बोटं मिटेनात. चारुतानं भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या ताटात ठेवला आणि तिकडं न बघता जेवत राहिली.

पण गहू काढायचा कशावरून? फोनवरची चित्रं सगळी चकचकीत, बेकरीच्या जाहिरातीतली. हात एकदा फसला होता, आता त्याला हातात धरून बघायचं होतं. रविवारी तो बॅरीच्या शेतावर गेला.

बॅरीनं त्याला गेटबाहेरच उभं केलं. स्वतः गाडीत बसून राहिला, इंजिन चालू ठेवून. माश्या पद्माकरच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात बसत होत्या.

"काय पाहिजे?"

"ओंबी बघायला."

"ओंबी," बॅरी हसला. हसू तोंडातच राहिलं. तरी इंजिन बंद करून तो उतरला. दोघं कुंपण ओलांडून रानात शिरले. पायाखाली माती पीठ झालेली. बॅरीनं वाकून एक ओंबी तोडली, तळव्यावर चोळली, फुंकर मारली. आठ दाणे उरले, जिऱ्यासारखे.

पद्माकर म्हणाला, "आमच्याकडंही मरतात. सॉर्गम खाऊन."

बॅरी तळव्याकडंच बघत होता. "मग काय करता तुम्ही?"

"खुरटी असली की सोडत नाही आत. माझ्या आज्यानं सोडली होती एकदा. दुष्काळात. दुसरं काही नव्हतं घालायला."

"किती गेली?"

"दोन बैल."

"दोन," बॅरी म्हणाला.

"दोनच होते."

बॅरीनं दाणे खाली टाकले आणि हात विजारीला पुसला. मग तो म्हणाला, "हे बघून काढू नकोस," आणि घराकडं चालू लागला. पद्माकरला त्यानं व्हरांड्यापर्यंत येऊ दिलं. आतून त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक ओंबी आणली. लांब, जड, कुसळं शाबूत, धुळीनं राखाडी झालेली. "दोन हजार सोळाची. आमच्या घरातलीनं ठेवली होती फुलदाणीत. बाकीच्या असू देत तिथंच. परत आणून दे."

"आणतो."

"आणि पॅडी, भरलेली काढ. बघणाऱ्याला त्या सालाची वाटली पाहिजे."

मग पाच दिवस कुसळं. एक मिलिमीटरच्या तारेचे तुकडे, प्रत्येक दाण्याला एक, तिरपं लावायचं, सगळी एकाच दिशेला झुकलेली. तार जरा तापली की वितळून गोळी व्हायची, पुन्हा पहिल्यापासून. मान वाकवून वाकवून तिसऱ्या दिवशी ती डावीकडं वळेना. शीळबीळ काही नाही. ओंबी समोर चिमट्याला टांगलेली, तिच्याकडं बघायचं आणि एक दाणा टाकायचा. बुधवारी दुपारी चारुता शिफ्ट संपवून डबा घेऊन आली आणि उभ्यानंच बघत राहिली.

"हा गहू वाटतोय," ती म्हणाली.

"नशीब."

"ती जास्त छान होती पण."

"गप बैस."

ओंबी त्यानं शुक्रवारी परत केली. बॅरीनं घेतली आणि आत नेली.

शनिवारी उद्घाटन झालं. शायरकडून एक बाई आली, उंच टाचेची, त्यामुळं खडीवर जपून चालणारी. फीत कापली. गाव टाळ्या वाजवू लागलं. पाटी हायवेच्या उन्हात उभी होती. मेंढा सिडनीकडं पाठ करून, पवनचक्की, आणि खाली वाकलेल्या ओंब्यांची जड पेंडी. मागं खरा गहू, गुडघ्याएवढा. लोकांनी फोटो काढले. सगळे जरा खाली बसून काढत होते, म्हणजे मागचं रान येऊ नये.

ग्लेननं बाईला गाठलं. पद्माकर दोन पावलं मागं, स्वच्छ शर्ट घालून.

"वंडरफुल काम," बाई म्हणाली. "बाकीच्या गावांचं नक्की करू या. पुढच्या आर्थिक वर्षात. बजेट झालं की."

"म्हणजे जुलैत?"

"जुलैनंतर. नो वरीज."

सॉसेज सिझलच्या, म्हणजे भाजलेलं सॉसेज ब्रेडमध्ये घालून देतात त्या, रांगेत चारुतानं विचारलं, "काय म्हणाली?"

"जुलैनंतर."

"आणि आपल्याला जूनपर्यंत हवंय."

"हो."

उर्वी मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकून पाटीखाली फोटोला उभी होती. चारुतानं तिकडं पाहिलं, मग हातातल्या ब्रेडवर सॉस पिळत राहिली, पुरेसा झाला तरी.

"कुठं जायचं आता?" ती म्हणाली.

"बघू."

"तू 'बघू' म्हणालास की मला खोकी दिसतात."

सोमवारी सकाळी सातला ग्लेन आपल्या बुटांकडं बघायची तयारी करत होता, तेवढ्यात बॅरीची गाडी आत आली. मागच्या ट्रेलरवर लोखंडी गेटं, एकावर एक. बॅरी उतरला आणि खिशातून कागद काढला. दोन्ही बाजूंनी लिहिलेला.

"हार्वेस्टर आणतो या आठवड्यात. पेरणीयंत्र त्यानंतर. धान्याच्या दोन ट्रॉल्या, त्यांचे तळ गंजलेत. गुरांच्या कोंडवाड्याच्या चौकटी चाळीस. गेटं चौदा, ती ही. सगळं नीट, नव्यासारखं दिसायला पाहिजे."

ग्लेननं कागद वाचला. उलटा करून वाचला. "पेरणीची तयारी?"

"लिलावाची. जूनमध्ये. आर्थिक वर्ष संपायच्या आत."

शेडच्या पत्र्यानं तापायला लागून एक ठोका दिला. ग्लेन कागदाकडंच बघत होता. त्याचं कामाचं डोकं मोजून मोकळं झालं आणि तोंडातून निघून गेलं, "म्हणजे पॅडीला जूनपर्यंत पुरेल—" मग त्यानं जीभ चावली.

"माहीत आहे," बॅरी म्हणाला. "लॉरेन बोलली मला."

पद्माकरला आनंद झाला. तो झाला हे त्याला कळलं, आणि आता तो ठेवायचा कुठं हे कळेना. घरी फोन करावा असं वाटलं, आणि बॅरी उभा असताना फोन काढणं बरं दिसेना.

"तुम्ही कुठं जाणार?" त्यानं विचारलं.

"वॉलॉंगॉंगला. मुलगी तिथं हॉस्पिटलात नर्स आहे. समुद्र दिसतो म्हणे तिच्या बाल्कनीतून." बॅरीनं तुटक्या कानावरची माशी उडवली. "काय करायचंय त्याला बघून?"

दोघांनी मिळून पहिलं गेट उतरवलं. वरची बिजागरी निखळून लोंबत होती. ते एका माणसाच्यानं उभं राहणारं नव्हतं, ग्लेन कागद घेऊन ऑफिसात गेला होता, आणि बॅरीनं न सांगता ते दोन्ही हातांनी उभं धरलं.

पद्माकरनं हेल्मेट खाली ओढलं. बिजागरी जागेवर बसवली, वेल्डिंगची बंदूक टेकवली.

"डोळे," तो म्हणाला.

बॅरीनं तोंड भिंतीकडं वळवलं. निळा उजेड पत्र्यावर नाचला. टाका लाल झाला, मग विटकरी, मग काळा पडला. पद्माकरनं हेल्मेट वर केलं, बोटानं गेट हलवून पाहिलं. पक्कं होतं.

"झालं," तो म्हणाला.

बॅरी गेट धरून तसाच उभा होता, भिंतीकडं तोंड करून.